प्रमिलाबाईंची अकरा घड्याळे

९ एप्रिल २०२५ रोजी नागपूरच्या एका कारागिराने आमच्या घड्याळांच्या दुरुस्तीचा अंदाज पाठवला: अठरा हजार सहाशे चाळीस रुपये. सौंसरच्या आमच्या सहकारी खरेदी-विक्री संघात मी लेखापाल आहे. घड्याळांच्या खात्यात एवढी तरतूद कधीच नव्हती. त्या खात्यातून दोनच खर्च व्हायचे, बॅटरीचे पाणी आणि प्रमिलाबाईंची रोजी. घड्याळे भंगारात काढण्याचा विषय १५ तारखेच्या बैठकीपुढे ठेवला गेला. घड्याळे गेली असती तर खातेही बंद झाले असते.

ही घड्याळे साधी नाहीत. मोठ्या दालनात काचेच्या उभ्या पेटीत लंबकाचे मुख्य घड्याळ आहे. अकरा खोल्यांत नुसत्या तबकड्या, त्यांच्यात स्वतःचे यंत्र नाही. दर अर्ध्या मिनिटाला मुख्य घड्याळातून विजेचा एक ठोका तारेने निघतो आणि सगळे काटे एकदम पुढे सरकतात; लंबकालाही रेटा मिळतो तो त्याच ठोक्याने. बोलीच्या ओट्यावर, वजनकाट्यावर आणि पैशाच्या खिडकीवर एकच वेळ असावी म्हणून जुन्या मंडळींनी ही सोय करून ठेवली. संत्र्याच्या हंगामात आमच्याकडे भावावरून भांडणे होतात, वजनावरून होतात. बोली वेळेत लागली की नाही, यावरून होत नाहीत.

प्रमिला सोमकुंवर यांना संघाने ठेवले ते पाणी भरायला. तेव्हा कार्यालयात माठ होते. घड्याळाच्या बॅटरीतही पाणी टाकावे लागते, हे व्यवस्थापकांच्या लक्षात आले आणि पाण्याचेच काम म्हणून तेही त्यांनी प्रमिलाबाईंकडे दिले. पुढे माठ गेले, थंड पाण्याच्या कॅन आल्या. बॅटरीचे पाणी तेवढे राहिले. त्याला जोडून काचा पुसणे आणि सकाळी रेडिओशी वेळ ताडून पाहणे. आतले यंत्र त्यांना कळत नव्हते, कळते असे त्या म्हणतही नसत. पण तबकडी पुसताना तिच्याशी बोलत, "काहून गा, आज लय धूळ खाल्ली?" कोणी खिशातून फोन काढून वेळ पाहिली की त्याला ऐकवत, "भिंतीवरचं फुकट हाय जी, पाहून घ्या."

होळीच्या सुट्टीत अध्यक्षांच्या खोलीचे काम निघाले. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून मोठे अधिकारी येऊ लागले होते, म्हणून भिंतींवर प्लायवूड चढवले. सुट्टीनंतर कार्यालय उघडले तर सगळी घड्याळे एकाच वेळेवर उभी. पेटीतला लंबकही थांबलेला. मुख्य घड्याळच गेले, असे सगळ्यांनी धरले. प्रमिलाबाईंनीही तेच धरले, आणि नागपूरच्या कारागिराने फोटो पाहून तेच लिहिले.

बैठकीपुढचा विषय मी प्रमिलाबाईंना वाचून दाखवला. त्यांची मुलगी प्रज्ञा नागपुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नवरा वामन ऑटो चालवतो, पण घरात खात्रीचा पैसा येतो तो संघाचाच. त्यांनी एवढेच विचारले, "मंग मी कोणत्या खात्यात बसन, बाबूजी?"



चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या मोहल्ल्यातल्या विहारावर रोषणाई चालली होती. दीर विशाल मंडप-लायटिंगचे काम करतो. त्याची दिव्यांची एक माळ काही केल्या पेटेना. प्रमिलाबाईंनी त्याला टोमणा मारला, की तुझी माळ आमच्या संघासारखी झाली, सारी एकदम मेली. विशालने माळ चाचपली, एक दिवा काढून टाकला आणि मोकळी दोन टोके जोडली. माळ लागली.

"एकाच तारेत ओवले हायेत, वहिनी," तो म्हणाला. "मधातला एक निघाला का सारे बंद."

"आन् टोकं जोडलीच नाही त?"

"त बटन दाबत बसा रातभर."

प्रमिलाबाईंना होळीच्या सुट्टीतला सुतार आठवला. अध्यक्षांच्या खोलीतली तबकडी काढून त्याने कोठारात ठेवली होती. त्या तिची काच पुसायलाही गेल्या होत्या.

१५ तारखेला बैठकीआधी त्या विशालला घेऊन अध्यक्षांच्या दारात उभ्या राहिल्या. अध्यक्ष रामाजी घागरे संत्र्याचे बागाईतदार. नव्या भिंतीवर त्यांचा जीव. प्लायवूडचा एक तुकडा काढायचा आहे, हे ऐकून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"प्रमिलाबाई, हिचा रंग वाळून राहिला अजून, आन् तुमी तिले फोडायले आले?"

"सारी नाही जी. घड्याळ होतं तेवढीच."

"आन् काही नाही निघालं त?"

"त घड्याळं भंगारात आन् मी घरी. तसंही तेच लिहून हाय."

रामाजींनी खुर्ची मागे घेऊन स्वतःच वाट करून दिली.

तुकडा निघाला. मागे तारेची दोन टोके एकमेकांपासून दूर लोंबत होती. विशालने ती जोडली. आम्ही सगळे दालनात आलो. काहीच हलले नाही. आमच्यातला एकजण हसला. प्रमिलाबाईंनी पेटी उघडली आणि बॅटरी बदलल्यावर देत तसा लंबकाला बोटाने हलका धक्का दिला. लंबक झुलत राहिला. थोड्या वेळाने आतला खटका पडला आणि समोरच्या तबकडीचा काटा सरकला. वजनकाट्यावरून हमालाने ओरडून सांगितले, की इकडचाही सरकला.

"चाललं पाय," प्रमिलाबाई म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळले नाही.

काटे हाताने पुढे आणून वेळेवर लावण्यात दुपार गेली. बैठकीत भंगाराचा विषय रद्द झाला. रामाजींनी कोठारातली तबकडी मागवून नव्या भिंतीवर लावायला सांगितली आणि प्रमिलाबाईंना स्थायी करण्याचा ठराव स्वतः मांडला. तो मंजूर होऊन वरच्या कार्यालयात गेला आहे. तिथून एक विचारणा आली, तिचे उत्तर मी पाठवले. माझ्या निवृत्तीआधी आदेश येईल, असे दिसते.

विशालने तार, टेप आणि मजुरीचे मिळून ऐंशी रुपये सांगितले होते. त्याच्याकडे पावती नव्हती, आणून देतो म्हणाला. संघाकडून त्याला ऐंशी रुपये देणे अजून बाकी आहे.