पाव तासावरचं किहीम

दादा गेल्याचा निरोप रेवसहून त्याच्या ओळखीच्या एका होडीच्या तांडेलाने आणला, तेव्हा मी शाळेत शिकवायला निघालो होतो. पहिलं काय केलं असेल, तर आईची पेटी उघडून तिचं लाल लुगडं पिशवीत घातलं. त्याच लुगड्याने आम्ही दादाला एकदा आभाळात हाक मारली होती... ते त्याच्या अंगावर घालायचं, एवढंच डोक्यात होतं.

दादा जुहूच्या विमानतळावर यंत्रं दुरुस्त करायचा. सुकी मासळी विकणाऱ्या बाईचा मुलगा विमानाला हात लावतो, याचं किहीमला कोण कौतुक! सुट्टीत आला की वाळूवर बसून अंतरं सांगायचा. मुंबई ते रत्नागिरी बोटीने अख्खा दिवस, विमानाने जेमतेम दीड तास. आणि आपलं किहीम, असं आईने विचारलं की म्हणायचा, "पाव तास, आये. तुझा भात शिजायच्या आत." आम्ही भरती-ओहोटीवर अंतर मोजणारी माणसं. वारा पडला तर मुंबई दिवसभर लांब. आईला तो पाव तास फार आवडला. बाजारात गिऱ्हाइकांनाही सांगायची, पोरगा पाव तासावर हाय म्हणून.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही निरोपावर निरोप धाडले. रजा मिळत नाही, म्हणाला. मात्र शिमग्यानंतर साहेबांबरोबर रत्नागिरीला जाताना तुमच्यावरूनच जाईन, असं त्याने कळवलं. आईने तेवढंच धरलं. होडीला माघारी बोलवायचं तर आमच्याकडे किनाऱ्यावरून कापड हलवतात. आईने अंथरुणातूनच मला लुगडं दिलं. "हालव. बघंल तर उतरंल." विमानाला कुठली आलीय होडीची रीत! पण मास्तर असूनही माझ्या तोंडून ते निघालं नाही. ओहोटी होती, वाळू टणक होती. विमान दिसताच मी वेड्यासारखा लुगडं हलवत सुटलो. ते खाली आलं, माडांवरून एक घिरटी घातली... आणि दक्षिणेला निघून गेलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "बघून गेला माझा पोर." त्याच आठवड्यात ती समाधानाने गेली. पुढे कुठलंही विमान आलं की मी ते लुगडं काढून हलवायचो. त्या घिरटीची गोष्ट तर अख्ख्या गावाला पाठ झाली.

दादाच्या पार्ल्याच्या खोलीवर त्याचे विमान चालवणारे साहेब आले होते. मी धाकटा भाऊ म्हटल्यावर ते बघतच राहिले. त्याच्या मागे कुणी नाही, असंच त्याने सगळ्यांना सांगितलेलं. किहीमचं नाव ऐकून त्यांना आठवलं.

"एकदा तिथे वाळूवर कुणीतरी लाल कापड हलवत होतं. मला वाटलं, माणूस अडचणीत आहे. मी विमान खाली घेतलं, उतरणारच होतो. हा तुमचा भाऊच म्हणाला, चला साहेब, मासळी वाळवणारे लोक आहेत. आपलं इथे कुणी नाही."

मी अग्नी दिला, भावाने करायचं ते सगळं केलं. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. आमची लाज वाटत होती तर वाटू दे, पण मरणाऱ्या आईच्या डोक्यावर येऊन तो तिला नाही म्हणाला. लुगडं पिशवीतून काढलंच नाही. तसंच परत आणून पेटीत ठेवलं.

परवा दुपारी विमानाचा आवाज आला. सवयीने मी अंगणात आलो. शेजारची जनाकाकी बोंबील वाळत घालत होती. "मास्तर, इमान आलं," ती म्हणाली. "आज लुगडं न्हाय हालवत?"

"कुणाला हलवू, काकी?" मी म्हणालो. "आपलं त्यात कुणी न्हाय."