पोवळ्याला खाऊ घालणारा हात

सन २०२३. मला एकाहत्तर पूर्ण झाली होती. शिक्षण चौथी, तीबी अर्धी. तुम्ही लोक इथं भुताखेताचं लिहिता ते मी वाचायचो आन् हसायचो. उदगीरला चाळीस वर्षं किराणा दुकान केलं, रिकाम्या बाजारात एकट्यानं शटर उघडलं, मला कधी काही दिसलं नाही. म्हणून हे लिहायचं जिवावर येतंय. पण लिहितो.

माझा मुलगा महेश लातूरला औसा रोडला फ्लॅटात राहतो. त्याला समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवायचा नाद. मीठ कालवलेलं पाणी, पंप, आन् मधे दगडावर एक केशरी पोवळं. मला पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच ठाऊक. हे जिवंत. महेश म्हणाला, दुसरी पोवळी उजेडावर जगतात, ह्याला उजेडाचा उपयोग नाही, हातानं खाऊ घालावं लागतं, एकेका तोंडाला. तोंडं सत्तावीस. उपाशी ठेवलं की अंग आटत जातं, खाली नुसता चुना उरतो.

त्याच्या सासऱ्याचं ऑपरेशन निघालं. नवरा-बायको दहा दिवस नांदेडला चालले, मला लातूरला बोलावून घेतलं, टाकी माझ्यावर. फ्रीजरमधलं कोरं पाकीट दाखवलं, गोळ्यांच्या पाकिटासारखं, एका घरात एक वडी. रोज चार वाजता पंप बंद करायचा, एक वडी विरघळवायची आन् ड्रॉपरनं तोंडातोंडात सोडायची. मी विचारलं, वडी कशाची? त्यानं खाली बघितलं.

"बारक्या कोळंबीची, अप्पा. नुसता ड्रॉपर धरायचा. हात लागत न्हाई."

आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग हाय. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतो. ह्या हातानं आजवर मांस शिवलं नाही. पण पोराला नाही म्हणालो नाही. अप्पाला एवढंबी जमंना, असं सुनेसमोर व्हायला नको होतं. ते गेले आन् मी फ्रीजर उघडलाच नाही. संध्याकाळी फोन आला, घातलं का? म्हणलं, हाव. पोराशी बोललेलं पहिलं खोटं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यानं व्हिडिओ कॉल केला. मनात म्हणलं, आता मेलेलं दिसणार. मोबाइल टाकीसमोर धरला... सगळी तोंडं पिवळीधमक फुललेली.

महेश हसून राहिला. "अप्पा, तुमच्या हातचं मानवलं की त्याला! मी घालतो तवा असं फुलत न्हाई."

फोन ठेवला. फ्रीजर उघडला. चार घरं फाडलेली.

घरात कुणी येत नाही. भाकरी मीच थापतो. दाराला आतून कडी. मग मला माझीच भीती वाटली — आपण करून राहिलो आन् आपल्यालाच ठाऊक नाही? पाचव्या दिवशी सकाळीच फ्रीजला सुतळी आवळली आन् दुकानात पुड्याला मारायचो ती गाठ मारली. तशी गाठ दुसऱ्याला येत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी पूजेला बसलो. लिंग तळहातावर घेतलं, डोळ्यासमोर धरलं... आन् कोळंबीचा वास आला. माझ्या तळहाताचा. राखेनं घासला, लिंबू चोळलं. जाईना. उठून बघितलं तर गाठ जशीच्या तशी. सुतळी कापून दार उघडलं. पाचवं घर रिकामं.

त्या दुपारी तीनलाच टाकीसमोर खुर्ची टाकली. दोन्ही हात मांडीवर. डोळा लागू दिला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. लख्ख ऊन होतं, खाली भाजीवाला ओरडत होता. चार वाजले आन् पंप आपोआप बंद पडला. पाणी थांबलं. डावीकडचं पहिलं तोंड मिटलं, काहीतरी गिळल्यासारखं. मग त्याच्या शेजारचं. मग तिसरं. कुणीतरी सावकाश, एकालाही न विसरता घालत होतं. पाण्यात तर काहीच नव्हतं. मी खुर्चीतच बसून मोजत राहिलो. शेवटचं तोंड मिटलं तेव्हा मांडीला गार लागलं. खाली बघतो तर धोतर भिजलेलं. माझा डावा हात मनगटापर्यंत ओला... बोटांवरून पाणी ठिबकून राहिलं होतं.

धोतराच्या सोग्यानं हात पुसून काढला.

पुढं डॉक्टरनं डोकं तपासलं, ठीक हाय म्हणाला. आमच्या स्वामींनी सगळं ऐकून घेतलं, विभूती दिली. मला अजून उलगडा नाही. कुणाला असला तर सांगा, हसणार नाही.

पण ते सगळं पुढचं. सातव्या दिवशी सकाळी आंघोळ केली. लिंग अंगावरून उतरवत नसतात, उतरवलं नाही. चार वाजायची वाट बघितली नाही. वडी माझ्या हातानं फोडली, वाटीत विरघळू दिली, पंप मीच बंद केला. ड्रॉपर डाव्या हातात धरला. डोळे उघडे ठेवून एकेका तोंडाला घातलं. हात माझा हाय, त्यानं काय करायचं ते मी ठरवणार. सगळी तोंडं मिटली तसा हात धुतला, आन् पूजेला बसलो.