उभ्यानं तोडलेली कमळं

तीस वर्षं मी सोलापुरात कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितोय. रेशनकार्डातलं चुकलेलं नाव, वारसाची नोंद, हद्दीची मोजणी. माणसं समोर बसून रडतात आणि मी त्याचं 'सविनय सादर' करतो. एवढ्या वर्षांत कातडी निबर झाली आहे. पण सिद्धाराम फुलारीचा अर्ज आठवला की अजून माझाच मला राग येतो.

अक्कलकोट रस्त्याला गौडाचं तळं आहे. तळ्याकाठी मल्लय्याचं देऊळ आणि देवळामागं सिद्धारामचं दोन खोल्यांचं घर. श्रावणातल्या दर सोमवारी सकाळच्या पूजेला तळ्यातली एकवीस कमळं द्यायची, ही त्याच्या घराण्याची सेवा. आजोबांपासून चालत आलेली, म्हणजे नव्वद वर्षं तरी झाली असतील. त्याबद्दल मिळत काहीच नाही. पूजा झाल्यावर पहिलं तीर्थ फुलारीच्या हातावर पडतं, तेवढाच मान. आणि एका सोमवारी जरी फुलं चुकली तरी सेवा त्या घरातून गेली, असं त्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलेलं. सिद्धाराम अठ्ठावन्न वर्षांचा, काटकुळा, पोटासाठी देवळाच्या दारात बेल आणि झेंडू विकणारा. मुलगा गुरू चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातो, त्याला फुलांचं काही सोयरसुतक नाही. पण कोण तुम्ही, असं कुणी विचारलं की सिद्धाराम ताठ होऊन म्हणायचा, "मल्लय्याचा फुलारी."

कमळं तळ्याच्या मध्यावर. तिथं जायला त्यानं फळी केली होती. थर्माकोलचे जाड तुकडे, त्यावर खताच्या पोत्यांचं कापड, सगळं सुतळीनं आवळलेलं. तिच्यावर उभा राहून लांब बांबूनं वल्हवत तो पानांमधून जायचा. बसून गेलं तरी चालेल की, असं तुम्हाआम्हाला वाटेल. त्याच्या घरात ते चालत नव्हतं. देवाचं फूल बसून तोडायचं नाही आणि आपण बसलो त्या जागेवर ते ठेवायचं नाही. उभ्यानं तोडायचं, गळ्यातल्या झोळीत टाकायचं, उभ्यानंच काठावर यायचं. बाप मरताना कानडीत दोनच शब्द बोलला म्हणे, "निंत कीळ." उभा राहून तोड. जायच्या वेळी माणसं काहीबाही बोलतात, पण सिद्धारामनं ते गाठीला बांधलं.

दोन वर्षांपूर्वी तळ्याचं सुशोभीकरण झालं. म्हणजे काठाला रंगीत फरशा, सेल्फी काढायला एक लोखंडी बदाम, आणि बोटिंगचा ठेका. आधी हंसाच्या तोंडाच्या पायडलच्या बोटी आल्या. मग ठेकेदारानं कुठल्या तरी समुद्रकिनाऱ्यावर बघून फुगवायच्या लांबट फळ्या आणल्या. पॅडलबोर्ड म्हणायचं त्यांना. त्यावर उभं राहायचं आणि वल्हं मारायचं. आमच्या सोलापूरकरांना पाण्यावर उभं राहायची सवय कुठली! जो चढेल तो धपकन पाण्यात. चार दिवस लोक हसले, मग फळ्या धूळ खात पडल्या.

आणि इथं सिद्धारामनं एक चूक केली. एका रविवारी तो काठावर उभा राहून बघत होता आणि त्याला राहवलं नाही. "अवो, गुडगं जरा ढिलं सोडा की. पायाकडं बगू नका, लांब बगा," असं म्हणत तो स्वतःच एका फळीवर चढला आणि तळ्याला एक फेरी मारून आला, धोतराचा सोगा ओला न करता. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. मग काय, दर रविवारी गर्दी. कॉलेजची पोरं त्याला 'मामा, शिकवा' म्हणून घेरायला लागली. तो फुकट शिकवायचा. त्याची बायको गौरम्मा सांगते, "त्या दोन महिन्यांत ह्यो मानूस झोपेतबी हसायचा बगा." जन्मभर जे काम कुणी बघितलं नव्हतं, ते बघायला लोक गाडी करून येत होते. खूश होणार नाही तर काय!

तिसऱ्या महिन्यात पायडलची बोट एका मुलीच्या फळीवर आदळली. मुलगी वाचली, कपाळाला सहा टाके पडले. पेपरात फोटो आला, आणि आठवड्यात काठावर बोर्ड लागला: 'तलावात उभे राहून वल्हविण्याच्या कोणत्याही साधनास सक्त मनाई. बसून जाणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालावे.' पॅडलबोर्ड गुंडाळून गोदामात गेले. सिद्धारामची फळी रखवालदारानं काठावर पालथी घातली आणि साखळीनं बांधून टाकली. धडक बोटीनं दिली, पण बोटी चालू राहिल्या, कारण बोटीत माणूस बसतो. असल्या हुकुमांची भाषा मी आयुष्यभर वाचत आलोय, तरी त्या बोर्डापुढं उभा राहून मी मोठ्यानं शिवी दिली.

आषाढ संपत आला तेव्हा सिद्धाराम माझ्या टेबलाशी आला. मी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ मार्ग सांगितला. म्हटलं, "अर्जात 'फुले तोडण्यासाठी तलावात जाण्याची परवानगी' एवढंच लिहू. उभा की बसून, ते कशाला सांगायचं?"

"न्हाय अण्णा. उब्यानं, असं लिवा."

"अरे, त्यालाच तर बंदी आहे!"

"म्हनूनच लिवा की. चोरून आनल्याली फुलं देवाला कशी घालू?"

मी लिहिलं. तेराव्या दिवशी आम्ही दोघं कचेरीत साहेबांपुढं गेलो. साहेब वाईट नव्हते, हेच जास्त वाईट. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, चहा मागवला, आणि म्हणाले, "बसून जा ना मामा. मी आत्ता सही करतो." सिद्धाराम मान हलवत राहिला. शेवटी साहेब म्हणाले की अखंड परंपरा असेल, एकदाही खंड पडलेला नसेल, तर वरच्या कार्यालयाला अपवाद करता येतो. देवळाच्या अय्यांचा, म्हणजे पुजाऱ्यांचा, तसा दाखला जोडून अपील करा. निकालाला महिना तरी लागेल.

बाहेर आल्यावर सिद्धारामचा चेहरा पडला. श्रावणाचा पहिला सोमवार चार दिवसांवर होता. उभं राहावं तर पोलीस, आणि गेलंच नाही तर सेवेत खंड, मग अपिलात राहिलं काय? मीच त्याला म्हटलं, "निकाल लागेपर्यंत बसून जा. देव चार सोमवार सांभाळून घेईल. 'अखंड' हा शब्द टिकला पाहिजे, सगळं त्याच्यावर आहे." तो म्हणाला, "तुमी शिकल्याली मानसं. तुमी म्हनता तर बसतो."

सोमवारी उजाडताना मीही तळ्यावर गेलो. अपिलाचा मसुदा पिशवीत होता, पूजा झाल्यावर अय्यांची सही घ्यायची होती. रखवालदारानं फळीची साखळी सोडली आणि सिद्धारामच्या अंगात नारिंगी जॅकेट चढवलं. सिद्धाराम फळीवर बसला. पाय कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, आधी मांडी घातली, मग उकिडवा झाला. बसल्यावर बांबू लांब पडतो, तो पाण्यावर आपटत होता. पुढचं काही दिसत नसल्यामुळं फळी पानांवरून जात होती आणि पानं फाटत होती. एरवी अर्ध्या तासाचं काम, त्याला दीड तास लागला. काठावर गौरम्मा उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

एकवीस कमळं टोपलीत, वर ओलं फडकं. आम्ही तिघं देवळात पोचलो तर गुरुशांत अय्या गाभाऱ्याच्या दारातच होते. सिद्धाराम पायरीखाली थांबला. टोपली पुढं करेना.

"काय रे, आण की," अय्या म्हणाले.

"अय्या, ही बसून तोडल्यात."

"मग?"

"आमच्यात उब्यानंच तोडत्यात. बंदी हाय म्हनून बसलो. तुमी घिऊ नका म्हनला तर मी परत न्हेतो."

अय्या हसले. चांगला माणूस, त्यांना त्याला धीरच द्यायचा होता. "वेडा आहेस काय? असलं मी तर कधी ऐकलं नाही. अरे, मागच्या श्रावणात तू तापानं अंथरुणाला खिळला होतास, तेव्हा तुझा पोरगा गुरू मार्केटातली कमळं आणून देत होता की. ती कुणी बसून तोडली का झोपून, मी विचारलं का?"

सिद्धारामनं मागं वळून गौरम्माकडं बघितलं. ती खाली बघत होती.

"गुरू तळ्यात गेल्ता म्हनलीस तू," तो म्हणाला.

"त्याला उबं ऱ्हायला कुटं येतंय?" गौरम्मा म्हणाली. "दोनदा पडला पान्यात. तुमी तापात सारकं फुलं गेली का, फुलं गेली का म्हनून इचारत हुता. मग काय सांगू तुमाला?"

"किती सोमवार?"

"दोन."

अय्यांना आपण काय बोलून बसलो ते अजून कळलं नव्हतं. त्यांनी टोपली त्याच्या हातातून काढून घेतली, फडकं बाजूला केलं, 'छान आहेत' म्हणाले आणि आत गेले. घंटा वाजायला लागली. पूजा झाली. तीर्थाचं पळीपात्र घेऊन अय्या बाहेर आले आणि नेहमीप्रमाणं पहिल्यांदा सिद्धारामसमोर आले. त्यानं हात पुढं केला नाही. अय्या थोडा वेळ थांबले आणि पुढच्या माणसाकडं वळले.

मी पिशवी घट्ट धरून उभा होतो. म्हटलं, सिद्धाराम, हे आपल्यातच आहे. अय्या सही देतील. कार्यालयात कोण विचारायला येतंय?

"कागद काडा अण्णा," तो म्हणाला.

मी मसुदा काढला. त्याला वाचता येत नाही. त्यानं माझ्या बोटाकडं बघत विचारलं, "त्यो शबूद कुटं हाय? अखंड?"

मी दाखवला. पहिल्याच ओळीत होता, माझ्या उत्तम अक्षरात.

"खोडा."

"सिद्धाराम, तो खोडला तर अर्जात काही उरत नाही."

"व्हय," तो म्हणाला. "खोडा."

मी पेन काढलं आणि खोडलं.