लाल अक्षरं

आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात पालिकेची माणसं भिंतीवर लाल रंगात ‘धोकादायक’ असं लिहून गेली, तेव्हा ते फटीतल्या मोहोळाबद्दलच आहे असं आम्ही सगळ्यांनी धरलं. ज्याला नांगी असते त्यालाच माणूस धोका म्हणतो. आज मधमाश्या हलवणारी बाई आली. तिने भिंतीतली पोळी अलगद कापून पेटीत लावली. राणी आत गेली, तशा बाकीच्याही मागोमाग गेल्या.

‘सुटलो गं बाई! आता ती लाल अक्षरंही पुसून टाका,’ शेजारच्या मालतीकाकू म्हणाल्या. सगळे हसत घरी गेले.

मी जिन्यातच थांबलो. इतक्या वर्षांची गुणगुण थांबली होती, आणि तिच्याखाली दडलेला दुसरा आवाज आता स्पष्ट येत होता. भिंतीच्या आत, वरपासून खालपर्यंत, वाळू झरत होती.