उजव्या बाजूच्या दोन खुर्च्या

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सगळे ‘बॅटरी’ म्हणायचे. नाट्यगृहात अंधार झाल्यावर उशिरा उगवलेल्या लोकांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत पोहोचवायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. मी तिथेच तिकिटाच्या खिडकीत बसतो. बाहेर मी लोकांशी हुज्जत घालायची आणि आत भाऊजींनी रुबाबात माणसं बसवायची, अशी आमची वाटणी होती.

एक गोष्ट मात्र फक्त ताईला आणि मला ठाऊक होती. शेवटची सहा-सात वर्षं भाऊजींना जवळजवळ दिसत नव्हतं. उजेडात माणसाचा आकार कळायचा, अंधारात तेवढंही नाही. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. पण त्या नाट्यगृहात त्यांना डोळे लागायचेच नाहीत. कडेच्या खुर्च्यांवरून हात फिरवत ते उतरायचे. जिचा हात लटपटतो ती ‘च’ची रांग, जिच्या लाकडाला चीर गेलीय ती ‘ट’ची. “बॅटरी लोकांसाठी रे, मला काय करायचीय?” असं म्हणून वर हसायचे.

“आता पुरे करा,” असं मी दहादा सांगितलं असेल.

“तिथे मी बॅटरी आहे,” ते म्हणायचे. “घरी बसलो की आंधळा.”



मग नाट्यगृह दुरुस्तीला निघालं. वर्षभराचं काम अडीच वर्षं चाललं. जुन्या खुर्च्या भंगारात गेल्या आणि त्यांच्याबरोबर भाऊजींची सगळी ओळखपाळख गेली. नव्या खुर्च्या एकजात सारख्या, मऊ, गुळगुळीत. ज्याने त्या निवडल्या त्याचं सगळीकडे कौतुक चाललं होतं. मला त्याला दोन शब्द ऐकवायचे होते.

उद्‌घाटनाच्या आठ दिवस आधी मी आमच्या मॅनेजर साहेबांच्या मागे लागून दुपारचा एक तास मिळवला. काहीतरी थाप मारली. भाऊजी डाव्या दारातून पायऱ्या मोजत उतरले, चढले, पुन्हा उतरले. प्रत्येक रांगेला एक पायरी, हे त्यांनी पकडलं. हळूहळू चेहरा खुलला. तेवढ्यात गालिचेवाले आले आणि आम्हाला बाहेर काढायला लागले.

“उजवी बाजू राहिली रे,” भाऊजी म्हणाले.

“सेम टू सेम आहे,” मी म्हणालो. “चला आता.”

पुढचे आठ दिवस ते घरी पाठांतर करत होते. जेवताना मध्येच “ज रांग, सातवी पायरी” असं पुटपुटायचे आणि ताई वाढत राहायची.

उद्‌घाटन दुपारी चारला होतं. भाऊजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. जो तो त्यांना थांबवून विचारत होता, “काय बॅटरी, कसं वाटलं नवं रूप?” आणि हे मान डोलावून सांगत होते, “झकास! डोळ्यांचं पारणं फिटलं.” खिडकीत बसून मला ते ऐकवेना.

पावणेचारला साहेबांनी फर्मान काढलं की डावं दार फक्त पाहुण्यांसाठी, बॅटरीने उजवीकडे उभं राहावं. मी खिडकीतून ऐकलं आणि उठायला लागलो. पण समोर रांग लागलेली. एका गृहस्थांना ज रांगेतली उजव्या कडेचीच खुर्ची हवी होती. “ज मध्ये कडेच्या दोन नाहीतच,” मी त्यांच्यावर खेकसलो. “चाकाच्या खुर्चीसाठी जागा सोडलीय तिथे.” हे माझ्याच तोंडचे शब्द. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

खिडकी बंद करून मी आत धावलो तेव्हा नाटक सुरू झालं होतं. उजव्या बाजूने भाऊजी एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून उतरवत होते. सातव्या पायरीवर बरोबर थांबले. मला हायसं वाटलं.

बाई म्हणाल्या, “माझी जागा मधे आहे हो. गुडघे वाकत नाहीत, एवढ्या लोकांना ओलांडून कशी जाऊ?”

भाऊजींनी क्षणभर कान दिला. कडेला कुणाची चुळबुळ नाही, श्वास नाही.

“कडेच्या दोन रिकाम्याच दिसतायत,” ते प्रेमाने म्हणाले. “बसा खुशाल. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

मी वर दारात होतो. आता कुठे मला माझेच शब्द आठवले आणि मी खाली धावलो, पण तोवर उशीर झाला होता. बाई पाठ करून, त्यांच्या भरवशावर बसल्या.

धप्पकन आवाज झाला. रंगमंचावरचे नट थांबले. दिवे लागले. बाई फरशीवर बसलेल्या, बिचाऱ्या ओशाळून म्हणत होत्या, “लागलं नाही हो, माझंच चुकलं.” आणि भाऊजी भलतीकडेच वाकून, पेटलेली बॅटरी भिंतीवर धरून विचारत होते, “काय झालं? बाई, कुठे आहात?”

सगळं नाट्यगृह त्यांच्याकडे बघत होतं. आता कुणाला काही सांगायची गरज राहिली नव्हती.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “घरी जाऊन आराम करा.” भाऊजींनी बॅटरी बंद केली आणि माझ्या हातात दिली. “सेल नवे आहेत,” म्हणाले. “आजच घातलेत.”

बाहेर लख्ख ऊन होतं. भाऊजींनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. 

“आता तरी सांग,” ते म्हणाले. “कसं दिसतं रे आतून?”

मी सांगायला लागलो. पडदा गर्द निळा. भिंतींना लाकडाच्या पट्ट्या. छत उंच केलंय. खुर्च्या तांबड्या, एका रांगेत वीस. ते प्रत्येक गोष्टीला “हं” म्हणत होते, लहान मुलासारखे ऐकत होते.

“सगळ्या रांगांत वीस?”

माझी पावलं अडखळली.

“ज सोडून,” मी म्हणालो. “तिथे उजवीकडच्या दोन काढल्यात.”

“हं,” भाऊजी म्हणाले. मग चार पावलं गेल्यावर, अजिबात न रागावता म्हणाले, “तेवढं आधी सांगायचंस रे.”