फळीचा कल

अंकुरच्या हातात ड्रिल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण त्या रविवारी गडी हट्टालाच पेटला होता, आणि का पेटला होता ते आधी ऐका.

त्याच्या बायकोला, मृणालला, सहावा लागला होता. मागच्या खेपेला सहाव्यातच बाळ गेलं. म्हणून या वेळी डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालून निक्षून सांगितलं होतं, पडून राहायचं. डोक्याखाली दोन उशा, त्याहून वर उठायचं नाही. आणि ही बाई काय करते? तर छातीवर लॅपटॉप ठेवून ऑफिसचं काम! जरा कुणाची पाठ वळली की कोपरावर रेटा देऊन अर्धी उठलेली.

"सुट्टी घे ना यार," अंकुर म्हणायचा.

"नको. काम हवंय मला."

"पण का?"

त्यावर ती लॅपटॉप आणखी जवळ ओढायची. बाळापेक्षा काम मोठं झालं का हिला, असं त्याच्या मनात यायचं. एकदा तो ते बोलून बसला, तेव्हा तिने लॅपटॉप बाजूला सारला आणि दिवसभर डोळे मिटून पडून राहिली. रोज मानेसरच्या कारखान्यात खरेदीच्या टेबलावर बसला तरी त्याचा जीव गुडगावच्या त्या खोलीत अडकलेला असे. फोन पहिल्याच घंटेला उचलायचा.

मग त्याने ठरवलं, चाकांचं टेबल करायचं. विकत का नाही आणलं? अहो, विकतच्या टेबलाचे पाय पलंगाखाली सरकवावे लागतात, आणि दिल्लीकडचा पलंग म्हणजे बॉक्स! पोटात रजया, गाद्या, हीटर; खाली बोट शिरेल तर शपथ. तेव्हा पलंगाच्या दोन्ही अंगांना पाय, पायांना चाकं आणि वर आडवी फळी, असा पूलच बांधायला हवा होता. पायथ्याकडून ढकलला की छातीपर्यंत यावा.

घरात मदतीला पुण्याहून सासरे आलेले. दत्तात्रयराव. तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. माणूस प्रेमळ, पण जीभ तिखट. अंकुर रोज "उद्या करतो" म्हणायचा आणि ते चहा फुंकत म्हणायचे, "करा, करा. बाळ शाळेत जायच्या आत करा म्हणजे झालं."

रविवारी ड्रिल घरघरत असताना ते दारात येऊन उभे राहिले. फळीकडे बघून म्हणाले, "अंकुरराव, कल द्या. घाई नको, पण कल द्या."

अंकुरच्या अंगाचा तिळपापड झाला. तो वाढला दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. शेजारी बंगाली, वर पंजाबी, मराठी काय ती आईच्या स्वयंपाकघरापुरती. त्याच्या कानाला 'कल' म्हणजे एकच, उद्या. सासरेबुवा आता हिंदीतून टोमणे मारायला लागले तर!

"आजच देणार!" तो ओरडला, आणि पुढचं ऐकायच्या आत त्याने ड्रिल पुन्हा चालू केलं.

दुपारी दत्तात्रयराव भाजी आणायला गेले तेव्हा टेबल पलंगावर उभं होतं. चाकं कशी लोण्यासारखी फिरत होती. मृणाल खूप दिवसांनी हसली. अंकुर छाती फुगवून हात धुवायला गेला.

पण फळी होती सपाट. आडव्या माणसाला तिच्यावरच्या लॅपटॉपची अक्षरं दिसणार कशी? मृणालने मान उचलली, मग खांदे. मग कोपर टेकून ती वर सरकली आणि तोल सावरायला तिने फळीच धरली. चाकांना अटकाव नव्हता. टेबल पायथ्याकडे निघालं, आणि त्याच्याबरोबर तीही ओढली गेली.

"अंकुर!"

तो धावत आला तेव्हा ती पोट धरून वाकली होती. चेहरा पांढराफटक.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. नुसतीच खरखर. पुन्हा फिरवलं. खरखर. अंकुरने जन्मात देव मानला नव्हता, तिथे त्याने सगळे मानले. आणि मग आली एकदाची ती धडधड. टाकाही शाबूत होता. "परत असं नको," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज काही गोड नव्हता.

घरी आणून मृणालला हॉलमधल्या दिवाणावर निजवलं. दत्तात्रयराव तिच्या अंगावर पांघरूण घालत म्हणाले, "मी सांगत होतो ना, कल द्या म्हणून!"

"आणि मी आजच दिलं!" अंकुरचा आवाज चिरकला. "तुम्ही कल म्हणालात, मी आज दिलं! अजून काय करायला हवं होतं मी?"

सासऱ्यांच्या तेव्हा कुठे घोळ लक्षात आला. मग त्यांनी हळूच तळहात तिरका धरून दाखवला. "अहो, कल म्हणजे हे. उतार. तिच्या बाजूला."

अंकुर खाली बसला. हसावं की रडावं कळेना, आणि शेवटी तो रडलाच. दत्तात्रयराव त्याच्याशेजारी फरशीवर बसले. "फळीवर काढून दाखवायला हवं होतं मी," ते म्हणाले. "टोमणे मारण्यात माझी अक्कल गेली. उठा आता."

दोघांनी मिळून फळीच्या मागच्या कडेखाली लाकडाचे तुकडे ठोकले, पुढे लॅपटॉप घसरू नये म्हणून पट्टी मारली, चाकं बदलून ब्रेकची बसवली. उतार बरोबर झाला का बघायला अंकुर स्वतः मृणालच्या जागी पडला. डोकं तिच्या दोन उशांवर टेकलं आणि त्याने समोर पाहिलं.

समोर भिंतीलगत लिहायचं मेज होतं. त्याच्याखाली, पार आत, मेजाच्याच खालच्या फळीवर एक निळी पिशवी. मागच्या खेपेला घेतलेली झबली आणि टोपडी त्यानेच तिच्यात कोंबली होती आणि तिथे लपवली होती. उभ्या माणसाला ती दिसत नव्हती. या उशांवरून मात्र डोळे उघडले की समोर तीच होती.

दत्तात्रयरावांनी टेबल पुढे ढकललं. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांसमोर आला आणि पिशवी झाकली गेली.

"दिसतंय का नीट?" त्यांनी विचारलं.

अंकुरने टेबल बाजूला ढकललं. तो उठला, हॉलमध्ये गेला आणि मृणालच्या पायाशी बसला.

"ती पिशवी... तुला तिथून दिसते हे मला माहीतच नव्हतं गं. आत्ता काढतो. देऊन टाकतो कुणाला तरी."

मृणालने त्याचा हात घट्ट धरला.

"देऊ नकोस," ती म्हणाली. "लागेल."