दाजींचा खांदा आणि आम्ही साक्षीदार

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, केस कापतात. दुकानात खुर्ची एकच, पण गप्पा चार खुर्च्यांच्या. अशा माणसाने फ्लूची लस घ्यायला जावं, सिस्टरने घाईघाईत सुई दंडाऐवजी वर खांद्याच्या सांध्यात खुपसावी, आणि उजवा हात छातीच्या वर जायचा बंद व्हावा! शेक झाले, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. त्याला पैसा कुठला? ताईने सरकारी समितीकडे भरपाईसाठी अर्ज केला. भरपाई मिळाली तर हात सुटणार, नाहीतर दुकानाला कुलूप, इतका सरळ मामला.

सुनावणीला साक्षीदार हवे होते. दाजींचं जुनं गिऱ्हाईक म्हणून निवृत्त मास्तर निघाले, पाठोपाठ मी. कामात किती अडचण येते, एवढंच सांगायचं होतं. पण समोर इस्त्रीचा शर्ट घालून साक्षात दाजी बसलेले! त्यांच्या तोंडावर त्यांच्या कामाला नावं कोण ठेवणार?

"हात कसा चालतो यांचा?" समितीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लोण्यासारखा!" मास्तर म्हणाले. "काडीचा फरक नाही."

मीही तीच री ओढली. दाजी खुशीत. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग भरपाई कशाची?"

ताई ताडकन उठली. "मास्तर, टोपी काढा. आणि तू रे, तो मफलर सोड डोक्याचा!"

काढतो तर काय! कानांभोवती गुळगुळीत आणि टाळूवर रान माजलेलं, दोघांच्याही. तिथवर दाजींचा हात पोचतच नव्हता ना! कित्येक महिने आम्ही तसेच हिंडत होतो. बाईंनी आमची डोकी चहूबाजूंनी न्याहाळली, मग दाजींचा हात धरून वर न्यायला लागल्या. अर्ध्यातच दाजी कळवळले. भरपाई मंजूर.

बाहेर आलो तर दाजी फुगलेले.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं सगळं?"

"आरसा तुम्हीच लावलाय की समोर," मास्तर म्हणाले.

"मग दुसरीकडे का नाही गेलात?"

"गेलो असतो तर ओळख तरी दाखवली असतीत का?"

दाजींनी थोडा विचार केला. "नसती दाखवली," म्हणाले. मग तिथेच पायरीवर बसले आणि आमच्यादेखत, पहिल्यांदाच, खांदा चोळायला लागले.